डावीकडे पाहणारा माणूस

आमच्या नाटक मंडळात सगळ्या पात्रांचे सगळे संवाद पाठ असलेला माणूस एकच होता आणि त्याला आयुष्यात एकदाही टाळी मिळाली नाही. तो माणूस मी. दिवसा डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर, लाल औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवणारा. आणि संध्याकाळी तालमीला वही मांडीवर घेऊन बसणारा प्रॉम्प्टर. गाव कुंभार पिंपळगाव. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, कापूस बरा येऊ लागला होता आणि लोकांना पुन्हा नाटकं सुचू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

प्रॉम्प्टिंगला लोक हलकं काम समजतात. खाली मान घालून वाचायचं, त्यात काय मोठंसं? म्हणणाऱ्याचं काय जातं! प्रॉम्प्टरचा आवाज तीन हात गेला पाहिजे, चौथा हात नाही. नटाच्या कानाला लागला पाहिजे आणि पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या सरपंचाला ऐकू येता कामा नये. ओठ कमी हलवायचे, वाक्याचा पहिला शब्द जरा जड करायचा आणि नट अडखळायच्या अर्धा श्वास आधी तो त्याच्या कानात टाकायचा. आधी टाकला तर तो गोंधळतो, नंतर टाकला तर लोक हसतात. मला हे कुणी शिकवलं नाही. चार वर्षं विंगेत बसून आलं.

एकदा मीही रंगमंचावर गेलो होतो. हवालदाराचं काम होतं, तीन वाक्यांचं. मी तोंड उघडलं, वाक्य बिनचूक म्हटलं आणि ते फक्त माझ्याशेजारच्या चोराला ऐकू गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ए हवालदार, कानात कामून सांगून राह्यला? आमाला बी सांग की!" मंडप हसला. त्यानंतर मी विंगेच्या बाहेर पाऊल टाकलं नाही आणि जे टाकत होते त्यांच्यावर मनातून जळत राहिलो. जळत राहिलो हेच बरोबर. उगाच खंत वाटायची वगैरे गुळगुळीत शब्द कशाला वापरू?

ज्याच्यावर सगळ्यात जास्त जळायचो, तो आमचा मुख्य नट. पाटलाच्या घरातला. गावात आणि मंडळात सगळे त्याला पाटीलच म्हणायचे. उंची, घारे डोळे, आवाज असा की त्यानं आपल्या मळ्यातून हाक मारली तर शेजारच्या शिवारातले बैल कान टवकारायचे. देवानं सगळं दिलं होतं, एक स्मरणशक्ती तेवढी द्यायला विसरला होता. मी सुंदर अक्षरात त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वाक्यांची वही, उतरवून द्यायचो. ती तो गोठ्यात ठेवायचा आणि तालमीला मोकळ्या हातानं यायचा. कसली काळजीच नव्हती. विंगेत मी होतो ना!

आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. वाक्य आठवेना की पाटील थांबायचा. घाबरायचा नाही, चुळबुळ करायचा नाही. मान किंचित डावीकडे वळवून, ओठ जरा विलग ठेवून, शांत उभा राहायचा. डाव्या विंगेत मी असायचो. मी शब्द दिला की तो घेऊन असा म्हणायचा की तो त्याच्या बेंबीच्या देठापासून आला असं वाटावं. लोकांना हे थांबणं फार आवडायचं. "पाटील बोलण्याच्या आधी थांबतो बघा, काय ताकद हाय!" पानाच्या दुकानावर हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ताकद माझी, थांबणं त्याचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आता पेंटर. पेंटर माझा मित्र. हे वाक्य मी जरा ठासून लिहितो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्यात आहे. तो माझा मित्र होता, पाटलाचा नव्हे. चौथीपासून आम्ही एका बाकावर बसलेले. त्याचे वडील रोजानं दुसऱ्याच्या शेतात जायचे, माझे वडील किराणा दुकानात पुड्या बांधायचे. त्यांच्या वस्तीतल्या विहारासाठी त्यानं पहिलं मोठं चित्र काढलं, बुद्धाचं, तेव्हा रंग कालवून द्यायला मी होतो. पिवळा कमी पडला म्हणून दुकानातून हळद आणली होती. ती महिनाभरात उन्हानं उडून गेली, पण आणली मी होती. पुढे तो औरंगाबादला ड्रॉइंग मास्तर व्हायला गेला, वर्षभरात परत आला आणि दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, आमच्या नाटकाचे पडदे रंगवू लागला. घनसावंगीपासून इकडे कुठल्याही पाटीवर सुबक अक्षर दिसलं की ते त्याचं हे मला लांबून ओळखू यायचं, आणि बरोबरच्या माणसाला मी ते सांगितल्याशिवाय राहायचो नाही.

मी त्याला कितीदा म्हटलं असेल, "माझं एक चित्र काढ ना." तो हसायचा. म्हणायचा, "तुझा चेहरा धरता येत न्हाई कंपाउंडर. तू बसला की लगेच फोटोवाल्यापुढं बसल्यावानी होतो." मी म्हणायचो, बरं, मग केव्हातरी. ते केव्हातरी कधी आलं नाही.

त्या साली चैत्रातल्या जत्रेला आम्ही जे नाटक केलं, ते गावातल्याच एका गुरुजींनी लिहिलेलं होतं. एक शेतकरी बाप मुलाला घरातून हाकलून देतो. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनी मुलगा परत येतो आणि दारात उभा राहतो. बाप त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, "दारात उभं राहायला तू पाहुणा आहेस का? आत ये." एवढंच. या एका वाक्यावर गुरुजींचं सगळं नाटक उभं होतं. आणि बापाचं काम पाटलाकडे असल्यामुळे हे वाक्य त्याला एकदाही आठवलं नाही. दर तालमीला तो तिथे थांबायचा, डावीकडे बघायचा, मी द्यायचो. जत्रेतही तेच झालं. माणसं डोळे पुसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पेंटर मला म्हणाला, "पाटलाचं चित्र काढावं म्हणून राह्यलो. तिसऱ्या अंकातलं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. मी म्हटलं, "कोणाचं?"

"पाटलाचं. बापाच्या कपड्यात. पडद्याचं मांजरपाट कापड उरलंय, त्यावर होईल. अन् तू बी ये दुपारून. वही घेऊन ये."

तू बी ये. या तीन शब्दांवर माझं मन कुठल्या कुठे धावलं! मला वाटलं, दोघांचंही काढणार. दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. केसांना तेल लावून भांग पाडला. वैशाखातली दुपार, दवाखाना एक ते चार बंद. सोसायटीचं दगडी गोदाम रिकामं असायचं, तिथेच आमची तालीम चालायची. तिथे गेलो तर पाटील पांढरी दाढी लावून, खांद्यावर घोंगडी टाकून, काठीवर दोन्ही हात ठेवून स्टुलावर बसलेला. पेंटरनं मला बघितलं, माझ्या इस्त्रीकडे बघितलं, आणि पाटलाच्या डाव्या हाताला एक रॉकेलचा डबा उपडा टाकून म्हणाला, "हितं बस. तिसरा अंक म्हणत राहा. म्हंजे ह्याचा चेहरा बराबर राहील."

आठ दुपारी मी त्या डब्यावर बसलो. इस्त्री पहिल्याच दिवशी बंद केली. मी वाक्यं द्यायचो, पाटील ती घोळवून म्हणायचा, मध्येच माशी हाकलायचा, आणि पेंटर जवसाच्या तेलाचा वास पसरत मांजरासारखा गप्प फिरायचा. त्यानं त्या आठ दिवसांत पाटलाच्या तोंडाकडे जितकं पाहिलं, तितकं माझ्याकडे पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. कधी जवळ येऊन पाटलाची हनुवटी दोन बोटांनी जराशी वळवायचा. मला तो स्पर्श बघवत नसे. मी वहीत डोळे घालायचो आणि पाठ असलेलं वाचायचो.

चित्र झालं, ते चांगलं झालं. हे कबूल करताना आजही दात शिवशिवतात, पण झालं चांगलं. मागे अंधारा तपकिरी रंग, घोंगडीची काळी किनार, काठीवर हातांच्या शिरा. आणि चेहरा किंचित डावीकडे वळलेला, ओठ जरा विलग, नजर चौकटीच्या बाहेर. म्हणजे पेंटरनं नेमकं तेच काढलं होतं, ते थांबणं. समोर उभं राहणाऱ्याकडे तो म्हातारा बघतच नव्हता.

आठ दिवस गोदामात बघायला रीघ लागली. बाजाराच्या दिवशी तर बायका डोक्यावरच्या पाट्या उतरवून आत यायच्या. गुरुजी म्हणाले, "ह्या डोळ्यांत बापाचं अख्खं काळीज उतरलंय." मी पानाच्या दुकानावर म्हणालो, "काळीज न्हाई न् काही न्हाई. वाक्य विसरलाय तो." लोक हसले. एकजण म्हणाला, "कंपाउंडर, जळून राह्यला व्हय रे?" मीही हसलो, आणि जरा जास्तच मोठ्यानं हसलो.

पेंटरनं ते चित्र पाटलाला दिलं. पाटलानं हौसेनं घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. त्याची आई उंबऱ्यातच आडवी आली होती. "जित्त्या माणसाची तसबीर भिंतीला लावत्यात का? हार घालून मोकळे व्हता का मंग? आन् माझ्या लेकाच्या तोंडाला पांढरी दाढी कोणी लावली? उचला ते आधी!" आमच्याकडे भिंतीवर देव असतात, नाहीतर गेलेली माणसं. तिचं काही चुकलं नव्हतं. मला त्या माउलीचे पाय धरावेसे वाटले. पण झालं काय, चित्र गोदामातच राहिलं, खिळ्याला टांगलेलं, आणि मला रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तालीम घ्यावी लागली. समोर खरा पाटील, मागे रंगवलेला. एक होता तेव्हा निदान तालीम संपली की घरी तरी जायचा.

मार्गशीर्षात जालन्याला नाटकांच्या स्पर्धा होत्या. आमचा नंबर भर दुपारचा लागला. ट्रकमध्ये पडदे, पेटारे, माणसं आणि गुरुजींच्या हट्टापायी ते चित्र, सगळं भरून आम्ही गेलो. गुरुजींनी चित्र सभागृहाच्या दाराशी बाकावर उभं करून ठेवलं. येणारा-जाणारा थांबत होता. परीक्षकांपैकी एक गृहस्थ चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "चित्रकार कोण?" पेंटर पुढे झाला. "आणि नट?" पाटील पुढे झाला. त्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले, अगदी दोघांना मिळून एकच हार घालावा तसं. मी त्या दोघांच्या मागे वही छातीशी धरून उभा होतो. कुणी विचारलं नाही, हे कोण. विचारायचं तरी काय म्हणून? माझा मित्र मागे वळून एवढं म्हणू शकला असता, की हा आमचा प्रॉम्प्टर. त्याच्या ते डोक्यातही आलं नाही.

तिथेच माझ्या मनात ते आलं. आधीपासून ठरवलं नव्हतं, ही माझी एकच सफाई, आणि ती फारशी कामाची नाही.

तिसरा अंक लागला. मुलाचं काम करणारा आमचा शिंपी दारात येऊन उभा राहिला. पाटील त्याच्याकडे वळला, थांबला, आणि त्याची मान सवयीनं डावीकडे वळली. माझं बोट त्या ओळीवर होतं. बोटाची तरी काय गरज होती, ते वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी ओठ मिटून घेतले.

पहिला श्वास गेला. पाटील शांत होता, चित्रातल्यासारखाच. दुसरा गेला. त्याच्या भुवया जराशा उचलल्या गेल्या, एखादा माणूस 'हं, बोल' म्हणतो तशा. मी त्याच्याकडे सरळ बघत होतो. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या श्वासाला त्याला कळलं. मी विसरलेलो नाही, माझी ओळ चुकलेली नाही, मी देत नाहीये, हे त्याला कळलेलं मला दिसलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याही चित्रात नव्हतं. राग नव्हता. आपल्याच घरात कुणी लाथ मारावी आणि आपण आधी मारणाऱ्याकडे नुसतं बघत राहावं, तसं काहीतरी होतं.

मग तो वळला. काठी टाकून दिली, दारापर्यंत चालत गेला, शिंप्याचं मनगट धरलं आणि त्याला न बोलता आत ओढून घेतलं. शिंपी बिचारा खरोखरचा भांबावून रडायला लागला. आणि मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही. अभिनयाचं पहिलं बक्षीस पाटलाला. चष्मेवाले परीक्षक म्हणाले, "न बोललेलं वाक्य आम्हाला ऐकू आलं." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझ्या आयुष्यातली एकुलती एक दुष्टाई, तीसुद्धा त्याच्याच पदरात पडली!

परतीच्या ट्रकमध्ये सगळे नाचत होते. पाटील चाकावरच्या फळीवर बसला होता, माझ्याशी बोलला नाही, कुणाला काही सांगितलंही नाही. मी कान टवकारून वाट बघत होतो, केव्हा सांगतो. त्यानं ते कधीच कुणाला सांगितलं नाही. त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करताना पेंटर आला. पेशंटांच्या बाकावर बसला.

"काल काय झालं होतं?"

"कुठं काय? पान चिकटलं होतं वहीचं."

"पान बराबर होतं. तुझं बोट होतं ओळीवर. मी समोरच्या विंगेत होतो, पडद्याची दोरी धरून."

मी बाटल्या पुसायला लागलो. त्या पुसलेल्याच होत्या. म्हटलं, "तुला काय करायचं? तुझ्या पाटलाला बक्षीस भेटलं ना?"

"माझ्या पाटलाला?"

"मंग काय! आठ दिवस त्याचं तोंड रंगवत बसला. माझं काढलं का एकदा तरी? इस्त्री करून आल्तो मी. इस्त्री करून! अन् तू मला डब्यावर बसवलं."

बोलून गेलो आणि कान तापले. पस्तिशीच्या माणसानं बोलायची ही गोष्ट नव्हती. पेंटर हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"त्या चित्रात तो काय करून राह्यला, सांग."

"काळीज उतरवून राह्यला म्हणतात."

"लोकांचं सोड. तू सांग."

"वाक्य विसरलाय."

"वाक्य विसरल्यावर माणूस घाबरतो. तू हवालदार झाल्ता तवा घाबरला होता. हा घाबरलाय का?"

मी म्हटलं, "न्हाई."

"कामून न्हाई? त्याला ठावं हाय, डाव्या अंगाला तू हायेस. तू देणार म्हंजे देणार. आठ दिवस मी तेच धरत होतो. तुझा चेहरा मला बिलकुल धरता येत न्हाई, म्हणून तुझ्यावरचा भरवसा काढला, त्याच्या तोंडावर." तो उठला. चपला घालता घालता म्हणाला, "अन् काल तू माझं चित्र खोटं पाडलंस."

मी त्याच्यामागे गेलो नाही. खरं सांगतो, आधी पश्चात्तापही झाला नाही. आधी संताप आला, की हे तेव्हाच का नाही सांगितलंस? आठ दुपारी तोंड मिटून का बसलास? मग लक्षात आलं, त्यानं सांगितलं असतं तर मी डब्यावर फोटोवाल्यापुढे बसल्यासारखा बसलो असतो, आणि पाटलाच्या चेहऱ्यावर ते आलं नसतं. संध्याकाळी गोदामात कुणी नसताना गेलो आणि चित्रासमोर उभा राहिलो. मग डबा ओढून चौकटीच्या त्या बाजूला बसलो, जिकडे तो बघत होता. तिथून चित्र धड दिसतही नव्हतं. मी तरी बराच वेळ बसलो.

पेंटर पुढच्या महिन्यात नाशिकला गेला, सिनेमाचे मोठे बोर्ड रंगवायच्या कामावर. मला न भेटता गेला. ही बातमी मला पानाच्या दुकानावर कळली, जिथे मी त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगायचो, तिथे ती मला दुसऱ्याकडून ऐकावी लागली.

आणि पाटलानं एक अजब गोष्ट केली. त्यानं वही गोठ्यातून काढली. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्यानं दवाखान्यात सांगितलं, "पाटील येड्यावानी करून राह्यला. हिरीवर इंजिन चालू करतो अन् त्याच्या आवाजावर आवाज चढवून नाटक म्हणतो." जन्मात ज्याला चार ओळी आठवल्या नाहीत, त्यानं तीन अंक पाठ केले. चैत्रातल्या जत्रेला लोकांच्या मागणीवरून तेच नाटक पुन्हा लागलं. तिसरा अंक आला, मुलगा दारात आला, पाटील थांबला. तेवढाच वेळ थांबला, पण मान वळवली नाही. मुलाकडेच बघत होता. मी सवयीनं पहिला शब्द टाकला, "दारात..." त्यानं तो घेतला नाही. आपला वेळ घेऊन, आपल्याच मनानं वाक्य म्हटलं. नाटक संपेपर्यंत त्यानं एकदाही डावीकडे बघितलं नाही. मी पानं उलटत राहिलो.

नंतर गुरुजी मला म्हणाले, "कंपाउंडर, पुढच्या साली तुमी समोर बसून बघा हो नाटक. इतके वर्षं झाले, तुमी समोरून बघितलंच न्हाई." चांगल्या मनानंच म्हणाले ते. मी बरं म्हटलं. वही त्यांच्याकडे देऊन टाकली.

त्यानंतर ज्येष्ठात सोसायटीला खताच्या पोत्यांसाठी गोदाम हवं झालं. एका दुपारी मी जेवून ओट्याजवळ बसलो होतो, तर दारात पाटील. खांद्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली चौकट. उन्हातून चालत आला होता, सदरा पाठीला चिकटला होता. जालन्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी नाटकाबाहेरचा एक शब्द बोललो नव्हतो.

"पेंटर जाताना सांगून गेल्ता," तो म्हणाला. "गोदामातून हललं, की हे कंपाउंडरकडं दे."

मी म्हटलं, "तुझं चित्र हाय."

"घरात आई घेऊ देत न्हाई. अन् मला बी आता तिकडं बघायची सवय सुटली."

त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, पण नव्हता. मी उठून चौकट घेतली. ती वाटली त्यापेक्षा हलकी होती. त्यानं मोकळ्या झालेल्या हातानं उपरण्याचं टोक घेऊन मान पुसली, आणि तो गेला नाही. उंबऱ्याच्या बाहेर तसाच उभा राहिला. माझ्याकडे बघत होता. शांत, घाई नसलेला. एक श्वास गेला. दुसरा गेला.

गावात वैऱ्यालाही कुणी उन्हात दारात उभं ठेवत नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हातापासून दोन हातांवर होता. बोलायची पाळी माझी होती, हे मला कळत होतं. दुसऱ्यांच्या पाळ्या ओळखण्यात माझी सगळी हयात गेली होती. पण हातात त्याचं चित्र होतं, दारात तो होता, आणि इतकं झाल्यावरही माझ्या मनात काय आलं, तर इथेही हाच मोठा ठरला. आधी हाच चालत आला. बाजूला विंग नव्हती, आणि तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

तिसऱ्या श्वासाला पाटील म्हणाला, "बरं, येतो मंग." आणि पायऱ्या उतरून गेला.

तो पार पाणवठ्याच्या वळणापर्यंत पोचला तेव्हा मला ते वाक्य आलं. पहिल्या शब्दापासून, बिनचूक. मी चौकट छातीशी धरून दारात आलो आणि म्हटलं, "दारात उभं राहायला तू पाहुणा आहेस का? आत ये."

पण माझा आवाज प्रॉम्प्टरचा. तो तीन हातांच्या पुढे जात नाही.